अळणीचा नवस

"साहेब, मीठ अजिबातच न्हाई, का चिमूटभर चालंल?" म्हस्कूनं पुन्हा विचारलं.

दौंडच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आबा, तुमचं हृदय थकलंय. मीठ खाल्लं की अंगात पाणी साचतं आणि त्याचा भार त्याच हृदयावर पडतो. मीठ बंद, तेल बेताचं. काकडी, गाजर, टोमॅटो कच्चं खा. रोज थोडं चाला."

"आन् गजी?"

डॉक्टरांना काही कळेना. तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, बयाबाईनं खुलासा केला, "यात्रंत ढोलावर नाचायचं म्हन्त्यात."

"पथ्य नीट पाळलं, तर बघू."

म्हस्कूला तेवढं 'बघू' पुरलं. बापजाद्यांची मेंढरं गेली, रानात ऊस उभा राहिला, पण बिरोबाच्या यात्रेत रुमाल उडवत गजीचं रिंगण धरायचं काही त्याच्यानं सुटलं नव्हतं. गेल्या यात्रेत मात्र दम लागून तो कडेला बसला आणि पोरंसोरं नाचताना बघत राहिला. ते बसणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पुन्हा एकदा रिंगणात उभं राहायचं, एवढंच आता त्याला हवं होतं.

आपल्या गावी, न्हावऱ्याला परत आल्यावर बयाबाईनं मिठाची बरणी शेजारच्या बानूबाईला देऊन टाकली. स्वतःपुरतं वेगळं कालवण केलं असतं, तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण नवऱ्याला अळणी आणि आपण चवीचं खायचं, हे तिच्या मनाला पटेना. ती देवळात गेली आणि बोलून बसली, "ह्ये रिंगणात हुभं ऱ्हाईपतुर माझ्या जिभंला मीठ लागायचं न्हाई." बयाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हस्कू मात्र ताटापुढं रुसलेल्या नवरदेवासारखा बसायचा. काकडीची फोड चावून परत ताटात ठेवायचा.

"मेंढरू हाय का मी, कच्चा पाला खायाला?"

"खावा वो. गजी खेळायचीय ना?"

"त्यापायी तर बसलोय हितं."

यातून वाट काढली ती लेकीनं. हर्षदा शिरूरला एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर होती. जिमला जाणारी गिऱ्हाइकं काय काय नेतात, हे तिला तोंडपाठ. एका सुट्टीच्या दिवशी ती केशरी रंगाची दाट बाटली घेऊन आली. वर हिरवं पान, आणि 'फिट', 'लो फॅट' असं ठसठशीत लिहिलेलं.

"आई, ह्ये सॅलडवर टाकायचं ड्रेसिंग. व्यायामवाले लोक ह्येच नेत्यात. तेल लई कमी हाय."

"आन् मीठ?"

"मीठ कशाला असंल? आंबटगोड लागतं."

मीठ म्हणजे पांढरं, बरणीतलं, चिमटीनं घालायचं. ते केशरी होऊन बाटलीत जाऊन बसेल, हे त्या मायलेकींच्या डोक्यात यावं तरी कसं? बाटलीच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचायची सवय दोघींनाही नव्हती.

पहिल्याच घासाला म्हस्कूनं डोळे मिटले. "आगं, चाखून तर बघ!"

"माझा नवस हाय."

"मीठ न्हाई म्हन्ती की पोरगी."

"नसू द्या. तुमच्या पथ्याचं हाय, तुमालाच पुरू द्या."

आणि तिनं खरोखर बोट लावलं नाही. तो मिटक्या मारत खाई आणि तिचं पोट भरे. पुढं पुढं तो भाकरीवरही ते ओतून घेऊ लागला. एक बाटली संपायच्या आत हर्षदा दुसरी धाडायची.

म्हस्कू अंगानं भरला. गालावर तुकतुकी आली. बानूबाई थट्टेनं म्हणाली, "आप्पा, बाळसं धरलं की वो!" तोही खुशीत येऊन मांडीवर ठेका धरायचा. पायतण घट्ट व्हायला लागलं, तेव्हा बयाबाईनं चामडं आटलं म्हणून चांभाराला बोल लावला. सूज तिनं तब्येत समजून कौतुकानं पाहिली.

मग यात्रा तोंडावर आली असताना एका सकाळी म्हस्कूला धड बोलवेना. श्वास घशातच अडकत होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला दौंडला नेलं. दवाखान्यातलं बेचव जेवण त्याच्या घशाखाली उतरणार नाही, म्हणून बयाबाईनं पिशवीत बाटली न विसरता घेतली होती.

"मीठ खात होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"खडादेखील न्हाई. बिरोबाची आण." तिनं बाटली पुढं केली. "ह्येच तेवढं खायाचे. पथ्याचं."

डॉक्टरांनी बाटली उलटी करून मागचं वाचलं. मग हलकेच म्हणाले, "आजी, ह्यात मीठच मीठ आहे. साखरपण. आंबटगोडात कळत नाही एवढंच."

बयाबाईनं झाकण उघडलं आणि बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. इतके महिने मिठाला मुकलेली ती जीभ. चरचरलीच.

एकदा चाखलं असतं तर. तो 'चाखून बघ' म्हणत होता, तेव्हा एकदाच चाखलं असतं, तर तिला तिथंच कळलं असतं. ज्या नवसानं त्याला वाचवायचं, त्याच नवसानं तिची जीभ बांधून ठेवली होती. रडायलाही तिला सुचेना.

"नुसतं ह्यानंच झालं असं नाही," डॉक्टर म्हणाले, "हृदय आधीच थकलं होतं." ते तिच्या कानांवर पडलं, पण आत शिरलं नाही.

दुपार कलायच्या आत म्हस्कू गेला. शिरूरहून हर्षदा धावत आली, तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढली होती. बयाबाईनं त्याआधीच ती बाटली आवाराबाहेरच्या कचऱ्यात टाकली होती.

संध्याकाळी माती देऊन माणसं परतली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बानूबाईनं रीतीप्रमाणं कडू घासाची पिठलं-भाकरी आणून ठेवली. मायलेकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. घास कुणालाच उचलवेना.

हर्षदानं नाक पुसलं. "आई, डॉक्टर काय म्हनले गं? कशानं झालं?"

बयाबाईनं लेकीकडं बघितलं. कामावरचा निळा शर्ट तिच्या अंगावर तसाच होता.

"हृदय थकलं व्हतं म्हनले."

"पथ्य तर एवढं पाळलं आपण." हर्षदाला हुंदका आला. "निदान शेवटी त्यांच्या तोंडाला चव तरी आली, न्हाई का?"

बयाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि लेकीच्या ओठांशी धरला.

"व्हय बाई," ती म्हणाली. "तुझ्यामुळं आली."