घंटेवरची अक्षरं

समीक्षाच्या पोटात दुखायला लागलं ते जत्रेच्या दिवसापासून. जेवण बाधलं असतं तर चिमूटभर ओव्याने भागलं असतं. हे दुखणं निराळं होतं.

समीक्षा कोरगावची. इतिहासाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रबंधासाठी तिने सागरी इतिहास घेतला होता. पल्लवी तिच्याच वर्गातली, डिचोलीची. पल्लवीचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि तिथेच राहिले. दोघी एका बाकावर बसत, एका डब्यात जेवत. म्हणून तर वाड्यावरच्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, रवळनाथाच्या जत्रेला समीक्षाने तिला हौसेने घरी बोलावलं. ते बोलावणंच नडलं.

देवळात शिरताना सगळेच घंटा, वाड्याच्या बोलीत घाट, वाजवतात, तशी पल्लवीनेही वाजवली. पण पुढे सरकली नाही. पुन्हा एकदा हळूच टोल दिला आणि मान वर करून तिथेच उभी राहिली. मागे माणसं खोळंबली, कुणी खाकरलं, तरी हिला पत्ता नाही.

"समीक्षा," ती कानाशी येऊन म्हणाली, "ही देवळाची घाट न्हय गो. ही गलबतावरची आसा. थंय वर बघ, काजळीखाली अक्षरां दिसतत."

समीक्षाने बघितलं. दिसत होती. बापाच्या कडेवर बसून तिने पहिल्यांदा वाजवलेली घंटा ती हीच. प्रत्येक परीक्षेच्या सकाळी तिने हिलाच हात लावला होता. आणि तिच्यावरची अक्षरं दाखवायला डिचोलीहून पोरगी यावी लागली!

पुढच्या आठवड्यात पल्लवीने मोबाईलवर काढलेला घंटेचा फोटो वर्गात मॅडमना दाखवला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. याच मॅडमनी समीक्षाचा विषय दोनदा परत पाठवला होता, 'तेरेखोलचा किल्ला दर वर्षी कुणीतरी आणतंच' असं म्हणून. आता त्या खुर्चीतून उठल्याच.

"जहाजाचं नाव आणि साल वाचता आलं, तर यावरच प्रबंध कर," त्या पल्लवीला म्हणाल्या. "घंटा खाली काढून साफ करावी लागेल. गाववाल्यांना विचार." मग समीक्षाकडे वळून म्हणाल्या, "हे देऊळ तुझ्याच वाड्यावरचं ना गं?"

'ना गं' एवढंच. पण समीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारीही तिने पल्लवीच्या डब्यातली भाजी खाल्ली आणि प्रत्येक घासाला तिला नावं ठेवली, अर्थात मनातल्या मनात. तिने स्वतःपुरता निवाडाही करून टाकला. घंटा वाड्याची, वाडा आपला, म्हणजे विषय आपला. पल्लवीने फक्त मान वर केली होती. मान काय, कुणीही वर करतो! आपण का केली नाही, हा प्रश्न मात्र तिने त्या निवाड्यात घेतला नाही.

तिचे वडील कृष्णनाथ हे देवळाचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. देवळातल्या वस्तूला हात लावायचा तर आधी देवाला विचारायचं, ही रीत. मानकऱ्याने गावाचं म्हणणं मोठ्याने मांडायचं, मग गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

पल्लवीने विनवलं तेव्हा समीक्षा म्हणाली, "सांगतंय मी बापाशीक." आणि त्याच संध्याकाळी वडिलांना सांगितलं ते असं: "बाबा, त्या पल्लवीक आपली घाट खाली काढूची आसा. मगे ते लोक ती म्युझियमात व्हरतले. माका तरी बरा दिसना नाय."

म्युझियमचं नाव कुणीच काढलं नव्हतं. ते समीक्षाचं स्वतःचं संशोधन.

कृष्णनाथांनी कपाळाला आठ्या घातल्या. "देवाक विचारूया," म्हणाले. समीक्षाला तेच हवं होतं. असं सांगितल्यावर बाप बाहेरच्या हातापुरतंच गाऱ्हाणं घालणार हे उघड होतं, आणि बाहेरच्या पोरीला देव कशाला होकार देतोय? महिन्याभराने सगळं निवलं की वाड्याची लेक म्हणून आपण शिडी लावायची, अक्षरं वाचायची आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायची. असे मनातले मांडे खात ती चार रात्री सुखाने झोपली.

सोमवारी पल्लवी डिचोलीहून आली. बसमध्ये चुरगळलेली ओढणी नीट करत ती बायकांमध्ये बसली. विठू गुरवाने कळ्या लावल्या. कृष्णनाथ हात जोडून उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा! ह्या तुझ्या दारातली घाट खाली काढून तिच्यार लिवलेला वाचूचा, असो विचार इलो आसा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तर आज तूच काय ता सांग. कोणायच्या हातान, गावच्या नायतर भायल्या, ही घाट उतरवची काय? होय तर उजवो दी. नाय तर डावो दी, मगे तिका कोण हात लावचो नाय."

"व्हय म्हाराजा!"

समीक्षाचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच. ती डाव्या कळीला डोळ्यांनी ओढत होती. डावी, डावी, देवा, डावी. कळी थरथरली, ओघळली आणि पडली. डावी.

तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ओठ चावावा लागला. पल्लवीचा चेहरा उतरला होता, तो तिने डोळे भरून पाहून घेतला. मग कुठे बापाचे शब्द तिच्या डोक्यात शिरले. गावच्या नायतर भायल्या. म्हणजे बाहेरचीच नाही, वाड्याची लेकही आता घंटेला हात लावू शकत नव्हती.

"बाबा!" ती उभीच राहिली. "गावच्या हातान म्हणान कित्या घातलास? तिच्यासाठीच विचारूचा हुता मां?"

"आमच्या घराक जेवलेला चेडू ता," कृष्णनाथ पल्लवीकडे बघून हळू आवाजात म्हणाले. "तिका एकट्याक नाय म्हणा, असा देवाक कसा सांगू? वायट दिसता."

"पण मगे मी काढलंय तर?"

कृष्णनाथांनी सगळं कारण गुरवाच्या कानावर आधीच घातलं होतं. विठू गुरवाने वळून पाहिलं. "तू? आणि बाये, घाट म्युझियमात व्हरतले म्हणान तूच सांगलंस मां बापाशीक? आता तुका ती कित्याक होया?"

बायकांच्या माना वळल्या. पल्लवीचीही. म्युझियम हा शब्द तिने आत्ता पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो कुठून आला हे कळायला तिला क्षणही लागला नाही. हुशारच ना ती! समीक्षाला कळून चुकलं. आता ही बोलणार. वर्गात सांगणार, मॅडमना सांगणार, आणि इथे, सगळ्या वाड्यासमोर, आपल्या बापाला मान खाली घालायला लावणार.

पल्लवी उठली.

"काका, म्युझियमाचा मीच बोललंय हुतंय," ती म्हणाली. "चूक माझी. समीक्षा आत्तासुद्धा माझ्यासाठीच इचारता. देवान सांगला ता माका मान्य आसा."

तिने देवाला नमस्कार केला. बायका हळहळल्या. "गुणी गो चेडू," कुणीतरी म्हणालं. कृष्णनाथांनी देवापुढचा नारळ उचलून आधी तिच्या ओंजळीत ठेवला.

स्कूटरवरून पेडण्याच्या स्टँडपर्यंत सोडताना समीक्षा मागून येणाऱ्या शब्दाची वाट पाहत होती. एक शिवी. एक टोमणा. निदान 'असं का केलंस?' एवढं तरी. तसं काही आलं तर उलटून भांडता येईल, आणि पल्लवीसुद्धा आपल्याइतकीच हलकी निघेल. पण मागून फक्त "खड्डो बघ गो" एवढंच आलं.

डिचोलीची बस लागलीच होती. पल्लवी चढली, खिडकीशी बसली आणि नेहमीसारखा हात हलवला. समीक्षाला आतापर्यंत तिच्या, घंटेवरची अक्षरं टिपणाऱ्या नजरेचा हेवा वाटत होता, तो निदान परवडत तरी होता. आता तिच्या मोठ्या मनाचाही वाटायला लागला.