अल्पशा आजाराने

बायको गेल्याचं वायरमनला कळलं तेव्हा तो एका परक्या घराच्या माळ्यावर होता, हातात पक्कड. फोनवर शेजारीण एवढंच म्हणाली, "आधी खाली उतरा, मग सांगते." सकाळी डबा भरून देणारी बाई दुपारी स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. ताप नाही, खोकला नाही, काही नाही.

पेपरात बातमी द्यायला गेला तर खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कशाने गेल्या?" वायरमन हातातला कागद उलटसुलट करू लागला. "अल्पशा आजाराने लिहू? सगळे तेच लिहितात." वायरमनने मान डोलावली.

पुढे थोड्याच दिवसांत लेक जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या माहेरी असं अचानक कोणी गेलंय का?" दोघांनाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर माहेरच्यांनी बायकोचं नाव टाकलं होतं, आणि तिनेही त्या घराचा विषय पुन्हा कधी काढला नव्हता.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, उकरत बसू नका. तसलं काही निघालं तर मी रोज छातीवर हात ठेवून झोपायचं का? जागरणाने चक्कर आली. विषय संपला."

"बरं," तो म्हणाला. आणि कामाची पिशवी खांद्याला लावून वाचनालयाच्या तळघरात जायला लागला.

तिथे जुन्या पेपरांचे बांधलेले गठ्ठे होते. एक खिडकी होती, ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. तो बायकोचं माहेरचं आडनाव शोधत निधनाच्या बातम्या एकेक बोटाखालून घालायचा.

"काका," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "लोक इथे नोकऱ्या शोधायला येतात, आणि तुम्ही आपले रोज मेलेल्यांच्यात!"

"ते निदान विषय संपला म्हणत नाहीत."

सासू सापडली. वय बावन्न, अल्पशा आजाराने. बातमीत सासूच्या माहेरचं आडनाव होतं; ते धरून शोधल्यावर बायकोची मावशी, पन्नाशीच्या आतली, अल्पशा आजाराने. मामाही तसाच. वायरमनने गठ्ठा मिटला, पुन्हा उघडला. या शब्दांची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? त्याने स्वतःच त्यांना मान डोलावली होती. त्यांच्यामागे काहीही असू शकत होतं. पण सासूच्या बातमीखाली मुलाचं नाव होतं आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानाचंही. दुकान अजून चालू होतं. नंबर मिळाला.

"ओळखलं," मेहुणा म्हणाला. "पेपरात वाचलं आम्ही. ताई आजारी होती, आणि एक फोन करावासा वाटला नाही तुम्हाला? आलो असतो मी. इतका काही दगड नाही."

"आजारी नव्हती ती. उभ्या उभ्या गेली."

"मग छापलंत काय ते?"

"तुम्ही तुमच्या आईचं काय छापलं होतं?"

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक फ्रेमचा भाव विचारत होतं.

"भावोजी," मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला, "आई भाजी निवडता निवडता गेली. मावशी बसस्टॉपवर. घरात हृदयाचा रोग आहे म्हणून बोभाटा झाला असता तर आमच्या मुलींना कोण विचारणार होतं? माझ्या छातीत यंत्र बसवलंय. तुमच्या मुलीची तपासणी करा. आज-उद्या करत बसू नका."

घरी आला तर लेक स्टुलावर चढून पडदे काढत होती. त्याने पिशवी टाकली आणि धावत जाऊन स्टूल धरलं.

"हात कशाने माखलेत? आणि धरता कशाला? पडत नाही मी."

"डुगडुगतंय."

"बाबा, चारही पाय टेकलेत. जा, हात धुऊन या."

त्याने हात सोडले नाहीत. तोंड उघडलं तर तिची झोप जाणार, आणि मिटून ठेवलं तर ती कधी, कुठल्या जिन्यात पडेल याचा नेम नाही. एक पडदा निघाला, दुसरा निघाला. ती खाली उतरून धुणं भिजवायला गेली तरी तो तिथेच स्टूल धरून उभा राहिला.

लेकीला त्याने अजून सांगितलेलं नाही. तपासणीही व्हायची आहे.