बाहेर जेवणारी दोस्ती

गोंदियात कुठं नवीन हॉटेलची पाटी लागली, की तिचा रंग वाळायच्या आत संघदीप आणि ओमेश तिथं टेबलाला टेकलेले असत. दोघं एकाच कार्यालयात एकाच दिवशी नोकरीला लागले, तेव्हापासूनचा हा शनिवारचा नेम. सडक अर्जुनीला हायवेवर ढाबा निघाला, हे हजर. अर्जुनी मोरगावला कुणी तलावातली मासोळी ताजी तळून देऊ लागला, हे मोटरसायकलवर तिकडे. खायचं, नावं ठेवायची आणि निघताना मालकाला तोंडावर सांगून यायचं. ओमेशला तर तुलना केल्याशिवाय घासच गिळवत नसे. इथलं खाल्लं की तिथलं आठवायचं. कार्यालयात कुणाकडे पाहुणे आले, तर त्यांना कुठं न्यावं हे या दोघांना विचारूनच ठरे, आणि संघदीपला त्याचा कोण अभिमान.

त्याहून मोठा अभिमान एका वेगळ्याच गोष्टीचा होता. संघदीप बौद्ध घरचा. गावातल्या लग्नांत आपली माणसं जेवायला वेगळ्या ओळीत बसवलेली त्याच्या आईनं पाहिली होती आणि तिनं ते त्याला सांगितलं होतं. आणि हा ओमेश, गावच्या खात्यापित्या शेतकरी घरातला, त्याच्या ताटातला तुकडा बिनदिक्कत उचलून तोंडात टाकायचा. संघदीपला तेवढ्यानं भरून यायचं. भल्या माणसानं दोस्ताला इतक्या स्वस्तात मोठं करू नये, पण त्यानं केलं.

संघदीपची बायको रीना काही भरून येणाऱ्यातली नव्हती. "त्याईले एकदा घरी आणा ना जेवाले," असं ती किती वेळा म्हणाली असेल. ओमेशचं उत्तर ठरलेलं. "भाभीले कायले तकलीफ? बाहेरच खाऊ." संघदीप घरी येऊन बायकोला सांगायचा, बघ, किती काळजी करतो तुझी.

मग ओमेश आणि त्याची बायको अंजू यांनी गोंदियालगत फुलचूरला घर बांधायला काढलं. नेमकी त्याच उन्हाळ्यात त्याची ड्यूटी देवरीला लागली. बांधकामावर लक्ष कोण देणार? संघदीप. सकाळी कार्यालयाआधी आणि संध्याकाळी कार्यालयानंतर तो हातात पाइप घेऊन भिंतींना पाणी मारी. रेती मातकट आली म्हणून ठेकेदाराशी भांडला, तोही तोच. घर उभं राहिलं तसं रीनानंही मन मोठं केलं आणि वास्तूला द्यायला बाजारातून चांगली जाड चादर आणून ठेवली.

वास्तूच्या आधी ओमेश म्हणाला, "पूजा घरच्या घरीच उरकून राहिलो गा. तुमची पार्टी वेगळी. नवीन बार उघडला ना, तिथं बसू."

संघदीपला हे पटलं. त्याला ओमेशचं काय पटत नव्हतं?

शनिवारी संध्याकाळी तो बारमध्ये पोचला, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी ओमेश एकटाच. बाकीचे कुठं आहेत विचारलं, तर म्हणे, त्यांचं नंतर पाहू. वेटर आला. "सर, हमारी गाँववाली आलू-बैंगन स्पेशल है, ट्राय कीजिए." मागवली. ओमेशनं पहिला घास घेतला आणि सवयीप्रमाणे तोंड वाकडं केलं.

"ह्यात काही दम नाही बे. परवा आमच्या पंगतीतली आलू-वांग्याची खायाले पाहिजे होती. आपल्या केवळरामसाहेबानं दोनदा मागून घेतली."

बोलता बोलता त्याचा हात संघदीपच्या ताटाकडे आला होता. तो तिथंच थांबला.

"कोणती पंगत?" संघदीपनं विचारलं.

"वास्तूची. थोडेसेच लोक होते."

"केवळरामसाहेब होते. अजून कोण?"

"असेच. ऑफिसातले."

"म्हणजे मी सोडून ऑफिसातले."

ओमेशनं ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. "माय जुन्या वळणाची आहे गा. गावचे पाहुणे आले होते. तुले कोणी काही बोललं असतं, तर मलेच वाईट वाटलं असतं. म्हणून तर तुही पार्टी वेगळी ठेवली. मी मानतो का असलं काही? तुह्या ताटातलं खातो ना मी."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते संघदीपला त्या वेळी कळलं. वेगळी ओळ तीच होती. फक्त तिच्यावर एसी लावला होता आणि समोर चकणा ठेवला होता.

"तुह्या घराच्या भिंती उन्हाळाभर माह्या हातचं पाणी पेल्या," तो म्हणाला. "तवा तुही माय जुन्या वळणाची नव्हती का?"

आजूबाजूला लोक हसत खिदळत होते, आणि त्या आवाजाचाही संघदीपला राग आला.

"बरं, मायचं राहू दे," तो उठत म्हणाला. "उद्या रविवार आहे. अंजूभाभीले घेऊन माह्या घरी जेवाले ये. तिथं तर तुही माय नाही."

"येतो ना. काऊन नाही येणार?"

घरी गेल्यावर संघदीपनं रीनाला सगळं सांगितलं. तिनं "मी म्हणत होती ना" असं एकदाही म्हटलं नाही. सकाळी उठून मरळ मासोळी आणली, मसाला वाटला, चार ताटं पुसून ठेवली. ती रागातच रांधत होती, पण मीठ कुठं कमीजास्त पडू दिलं नाही. आपल्या चुलीला नावं ठेवायला जागा राहू नये, असा तिचा बाणा.

दुपारी संघदीपचा फोन वाजला. हात मसाल्याचे होते, म्हणून रीनानं तो कानाला न लावता स्पीकरवर टाकला.

"अरे संघदीप, आमगाव रोडवर नवीन ढाबा उघडला म्हणते. आम्ही दोघंही निघूनच राहिलो. भाभीले घेऊन तिकडंच ये. घरी कायले तकलीफ?"

संघदीप बोलणार, त्याआधी रीना फोनकडे वाकली.

"भाऊजी, त्या ढाब्यावरचा आचारी कोणत्या जातीचा आहे?"

"आता ते मले काय माहीत भाभी?"

"नाही ना माहीत? बारात भांडे घासणाऱ्याची जात माहीत नाही, भाजी ढवळणाऱ्याची माहीत नाही, म्हणून तिथलं तुमच्या गळ्याखाली उतरते. माही तेवढी माहीत आहे. माह्या चुलीचा एवढाच गुन्हा."

"भाभी, तसं नाही जी. तुम्ही उगाच..."

संघदीपनं फोन हातात घेतला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"ओमेश, तू जाऊन जेव. ज्या दिवशी तुह्या घरच्या पंगतीत, तुह्या मायसमोर, मले आणि रीनाले बसवशील, त्या दिवशी बोलव. तोवर आपण एका ऑफिसातले आहो, दोस्त नाही. आणि माह्या ताटाले आता हात लावू नको."

त्यानं फोन ठेवला आणि पाटावर बसला.

"वाढ," तो रीनाला म्हणाला. "भूक लागली मले."