खुंटीवरची तलवार आणि इड्डाचा हात

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. मात्र माझ्या पात्यानं आजवर लोण्याचा गोळासुद्धा कापलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या कुशीतल्या आपेंझेल गावात, बेदा नावाच्या गवळ्याच्या घरी, येशूच्या तसबिरीखालच्या खुंटीला मी असते.

लोहारानं मला घडवलं ते लढाईसाठी नव्हेच. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना आटोपली, की सारा परगणा चौकात जमतो आणि उघड्या आभाळाखाली हात वर करून कारभारी निवडतो. पुरुषाच्या कमरेला तलवार, हीच त्याच्या मताची ओळख. चर्चच्या घंटा घणघणायच्या आणि बेदांच्या मांडीशी मी डुलत निघायचे. काय माझा तोरा!

मला लख्ख करायची ती त्यांची मुलगी इड्डा. लोकरीच्या फडक्यावर तेल घेऊन, स्तोत्र गुणगुणत ती पातं पुसायची. तिच्या बोटांची ऊब मला चौकापर्यंत पुरायची. चौकाच्या कडेनं मात्र दोर बांधलेला असे, आणि बायका त्या दोराबाहेर.

"बाबा, मी आत कधी यायचं?"

"तू आत आलीस तर दुपारचे बटाटे कोण परतणार?" बेदा हसायचे.

बायकांच्या मताचा प्रश्न आला, की बेदांचा हात विरोधात वर जायचा. मी त्यांच्याच कमरेला. त्या लेकीच्या कमरेला आपण एकदा तरी बांधलं जावं, एवढीच माझी आस होती. देवाजवळ तलवारींचीही प्रार्थना पोचत असेल, नाही का?

पोचली. न्यायालयाचा निकाल आला, दोर सुटला, बायकांना तलवारीऐवजी मताचं कार्ड मिळालं. तोवर इड्डाचे केस पिकू लागले होते आणि बेदांचे गुडघे धरले होते.

त्या पहिल्याच वर्षी एका जागेसाठी दोघं उभी राहिली. एक सुतार वेंडेलिन. बायकांना मत द्या म्हणून त्यानं वर्षानुवर्षं लोकांचं हसू सोसलं होतं. दुसरी फिलोमेना; बायकांना मत नकोच, असं ती तेव्हा दारोदार सांगत फिरली होती.

शेजारीण क्रेसेन्स तावातावानं आली. "अगं, पहिल्यांदा बाई उभी आहे! बाईनंच बाईला पाडायचं?"

"तिनंच मला दोराबाहेर ठेवलं, क्रेसेन्स."

"आज बायकांची पाळी आली, तर तुला पुरुषाचा पुळका! जा, वेंडेलिनचे मोजे विण!"

"विणीन. त्यानं आपल्यासाठी शिव्या खाल्ल्यात."

रविवारी बेदा अंथरुणातून म्हणाले, "इड्डे, माझी तलवार बांध आणि माझं मत घेऊन जा. फिलोमेनाला दे. घर सांभाळणारी बाई आहे ती."

इड्डानं मला उतरवलं. पट्टा तिच्या कमरेभोवती आला. मित्रांनो, पातंही शहारतं, हे मला तेव्हा कळलं! पण ती थबकली.

"बाबा, ही बांधली तर हात तुमचा वर जाईल. मला माझा हात वर करायचाय."

तिनं मला पुन्हा खुंटीला अडकवलं, कार्ड घेतलं आणि गेली. घंटा वाजत होत्या. मी भिंतीशी होते.

दुपारी ती लाल डोळ्यांनी परतली. मागून क्रेसेन्स.

"वेंडेलिनसाठी हात वर केलास ना? सगळ्यांनी पाहिलं! पण आमची फिलोमेना निवडून आली!"

"आली. आणि ती मंचावर चढली तेव्हा मला रडू आवरेना. आपल्यातली एक वर उभी होती गं."

"वेडीच आहेस," म्हणत क्रेसेन्सनंही डोळे पुसले.

बेदा अंथरुणात उठून बसले. म्हणाले, "ते तेलाचं फडकं दे बघू."

"कशाला?"

"तलवार माझी आहे ना? मग पुसायलाही मलाच हवी."

आता बेदा नाहीत. इड्डा दर एप्रिलमध्ये कार्ड घेऊन जाते. आजही तिच्या कमरेसाठी माझा जीव तुटतो. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा, प्रेमानं पुसा. पण मत देताना त्यांना खुंटीवरच ठेवा. वाट पाहायची आम्हाला सवय आहे.