मॉनिटर मात्र जुनाच

फोटोवाल्याच्या बायकोची नजर म्हणजे काय चीज होती, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. लग्नाआधी ती एका फोटो लॅबमध्ये कामाला होती. मशीनमधून फोटो बाहेर पडायचे आणि ही नुसती नजर टाकून सांगायची, "जरा हिरवट मारतोय, परत काढा." लॅबचा मालक महाखवट, पण तिच्या शब्दाबाहेर नव्हता. फोटोवाल्याचंच एक पाकीट तिने दोनदा परत छापायला लावलं, तेव्हा हा भांडायला म्हणून गेला आणि गार होऊन परत आला.

पुढे संसारात कामाची वाटणी आपोआप झाली. शूटिंग त्याचं, एडिटिंग तिने शिकून घ्यायचं. पण घरातला कॉम्प्युटर असा मरगळलेला, की एक कट मारावा आणि चहा पिऊन यावं. शेवटी साठवलेले पैसे घेऊन दोघं कॉम्प्युटरच्या दुकानात गेली, एकेक भाग निवडून नवा जुळवून घ्यायला.

दुकानदार भला होता. म्हणाला, "प्रोसेसर आणि रॅम तगडी घ्या. पॉवर सप्लायमध्ये हात आखडू नका. ग्राफिक्स कार्ड मधल्या किमतीचं घेतलंत तरी तुमचं काम भागेल."

पण फोटोवाल्याचा जीव काचेच्या कपाटातल्या मोठ्या कार्डात अडकला होता. विटेएवढं कार्ड, त्याला तीन पंखे. आजूबाजूच्या सगळ्या शूटिंगवाल्यांकडे तेच होतं आणि ते चहाच्या टपरीवर त्या कार्डाविषयी असं बोलायचे, जणू दारात हत्ती बांधलाय.

"अहो, कार्ड एक पायरी खालचं घेऊ," बायको हळूच म्हणाली. "आणि मॉनिटर नवा घेऊ. आपला फार जुना झालाय. त्याचा मला भरवसा वाटत नाही."

"मॉनिटरचं काय असतं गं? नुसती काच! मी इतकी वर्षं त्याच्यावर काम केलं, एका माणसाची तक्रार नाही. माझ्या पहिल्या कमाईचा आहे तो."

दुकानदाराने बिल फाडलं. मोठं कार्ड आलं. मॉनिटर मात्र जुनाच राहिला.

नवा कॉम्प्युटर पळायला लागला तसं बायकोला काय करू आणि काय नको असं झालं. फोटोवाला व्हिडिओ जोडायचा तो नुसता कापून आणि चिकटवून, रंगाला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याने दिलं ते पोत्यात भरलं, असा कारभार. ही मात्र एकेका चेहऱ्यावर बसायची. कातडीला कातडीचा रंग येईपर्यंत उठायची नाही. पहिलं मोठं काम होतं शाळेतल्या एका बाईंच्या निवृत्तीचं. ते पुरं झालं तेव्हा ती स्वतःशीच हसली होती.

ते घरी नेऊन टीव्हीवर लावल्यावर बाईंच्या मुलाचा फोन आला. "काका, आईला कावीळ झाल्यासारखी दिसतेय हो. सगळेच पिवळे!"

दुसऱ्या कामाचंही तेच झालं, तिसऱ्याचंही.

"मला तर इथे बरोबर दिसतंय," ती म्हणाली. "मॉनिटरचंच काही नसेल ना?"

खरं तर तिथे थांबून बघायला हवं होतं. पण मॉनिटर वाईट निघाला असता, तर दुकानातलं आपलं शहाणपण वाया गेलं असं कबूल करावं लागलं असतं. ते त्याच्याच्याने होईना. तो तिच्यावरच उखडला. "हाच मॉनिटर होता ना? माझ्या कामात कधी पिवळं आलं? तुला बरोबर दिसतंय आणि सगळ्या जगाला पिवळं! नजर गेलीये तुझी. लॅबमधले दिवस संपले आता."

मॉनिटर तोच होता, आणि त्याच्या कामात खरंच पिवळं येत नव्हतं. ती खुर्चीवरून उठली. फोटोवाला पुन्हा स्वतः एडिटिंग करू लागला, रंगाला हात न लावता, आणि तक्रारी बंद झाल्या. मग तर तिचीसुद्धा खात्री पटली, की नजर गेली. ती एका दवाखान्यात नाव नोंदवून घ्यायच्या कामाला लागली. तिथे रंगाचा काही संबंध नव्हता.

बरीच वर्षं गेली. एके दुपारी जुन्या मॉनिटरवर रेघा यायला लागल्या, तेव्हा फोटोवाल्याने नाइलाजाने नवा आणला. जुना लगेच टाकवेना, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी जोडले. आणि दोन्हींवर एकच कोरं पान उघडलं तसा तो चरकला. नव्यावर ते पांढरं होतं. जुन्यावर निळं होतं, नीळ जास्त झालेल्या शर्टासारखं.

त्याने बाईंच्या निवृत्तीचा व्हिडिओ शोधून काढला. नव्यावर बाई पिवळ्याधमक. मग ती खिडकी माउसने धरून त्याने हळूहळू जुन्याकडे सरकवली. मधे एका क्षणी अर्धा चेहरा इकडे होता आणि अर्धा तिकडे. इकडचा कावीळ झालेला, आणि तिकडचा खऱ्याखुऱ्या बाईंचा. गालावरची सुरकुतीसुद्धा तिच्या जागी, तिच्या रंगात. मॉनिटरने जेवढं निळं घातलं होतं, बरोबर तेवढंच तिने काढून टाकलं होतं. नजर इतकी पक्की होती म्हणूनच काम बिघडलं होतं. त्याचं बिघडलं नाही, कारण त्याला नजरच नव्हती.

फोटोवाला तोंड झाकून रडला. इतक्या वर्षांत आपण हे एकदाही तपासलं नाही, याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी बायको आल्यावर त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि तसंच सरकवून दाखवलं. "माझं चुकलं गं. तुझं पहिल्यापासून बरोबर होतं. उद्यापासून तू बस इथे."

तिने माउस धरून बाईंचा चेहरा पुन्हा एकदा इकडून तिकडे सरकवला. "म्हणजे बरोबर होतं," ती म्हणाली. मग उठून तिने पर्स खुंटीला लावली. "आता नाही जमायचं हो मला."

रविवारी दोघं लोकरीच्या दुकानात गेली. थंडीसाठी तिला त्याचा स्वेटर विणायचा होता. तिने लोकरीचा एक गुंडा उचलून उजेडात धरला.

"अहो, हा करडाच आहे ना? हिरवट नाही ना मारत?"

"तू सांग," तो म्हणाला. "तुला जे दिसतंय तेच खरं."

तिने वळून तो गुंडा दुकानदारापुढे धरला आणि त्याला तेच विचारलं.