दगडाला अजून वेळ आहे

केळीच्या पानाची ती सुरळी दोन्ही टोकांना बांबूच्या काडीने टोचलेली होती, आणि वुरयानीच्या बोटांनी त्यातली एक काडी अर्धी ओढून तशीच धरून ठेवली होती — पूर्ण ओढली तर पान उलगडणार, पान उलगडलं तर आतला चिकट भात खावा लागणार, आणि खाल्ला तर... तर काही नाही, बैठकीचं अन्न पोटात गेलं एवढंच. पण तिला ते पोटात नको होतं. वर्षभर प्रत्येक बैठकीला हाच पांढरा खोका: पानातला भात, एक तळलेली वळकटी, एक हिरवागार केक, आणि झाकण चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात घोटभर पाणी. सरकारी सांत्वनाला चव असते हे तिला या वर्षात कळलं होतं. नारळाच्या दुधात शिजलेल्या कोंबडीची चव. वाईट नाही. तेच तर... वाईटही नाही.

खिडकीपाशी पाक दार्सोनो उभे होते; वडीलधाऱ्या पुरुषाला सगळे आदराने पाक म्हणत, बाईला बू. स्मारक समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, बाटिकच्या सदऱ्याची इस्त्री कधी न मोडणारे. अर्ध्या शहराला त्यांनी बेरीज-वजाबाकी शिकवलेली, तिच्या मुलाला, सेनोलासुद्धा. ओरडणारा, मग्रूर माणूस असता तर किती सोपं झालं असतं. पण ते बोलत होते मऊ आवाजात, आणि बोलत होते ती जुनी, आदराची जावानीज, जिच्यातला प्रत्येक शब्द आधी वाकून नमस्कार करतो आणि मगच बसतो. त्या भाषेत कोणी काही विचारलं की मान आपोआप खाली जाते. लहानपणी आईने हाताने दाबून खाली नेलेली मान — पुढे हाताची गरज लागत नाही.

शिळा तयार आहे, ते सांगत होते. काळा ग्रॅनाइट, माणसाहून उंच, सोनेरी अक्षरं. मंत्रिमहोदयांना स्फोटाच्या वर्षदिनाच्या सकाळीच सवड आहे, नंतर नाही. तेव्हा बस टर्मिनलच्या कोपऱ्यात, चाफ्याखाली, त्या जागेवर... ‘त्या जागेवर’ म्हणताना त्यांनी क्षणभर डोळे मिटले, हेही त्यांना शोभून दिसलं... त्याच सकाळी शिळा उभी करावी असा सर्वांचा मानस आहे, अर्थात बू वुरयानींची परवानगी असेल तर. कारण बू वुरयानी म्हणजे सगळ्या कुटुंबांचा आवाज.

“आपली परवानगी आहे ना, बू?”

आणि सगळ्या कुटुंबांच्या आवाजाने मान हलवली. “हो, पाक.”

सगळे सैलावले. पेल्यांच्या झाकणांत नळ्या खुपसल्याचे आवाज आले, टप्, टप्, टप्. तिच्याही चेहऱ्यावर हसू होतं, तिला ते गालांत दुखल्यासारखं जाणवलं. काडी मात्र तिने पुरती ओढली होती, आणि ती आता तळहातात रुतत होती.

फाटकापाशी सुपाती भेटली — शिंपीकाम करणाऱ्या माणसाची बायको, तो माणूस तिकीट-खिडकीपाशी रांगेत उभा होता तिथेच गेला. वुरयानीला वाटलं, ही भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. पण सुपातीने खोका छातीशी धरला आणि खाली बघत म्हणाली, “तुम्ही हो म्हणालात म्हणजे ते बरोबरच असेल, बू. आम्हाला काय कळतंय.” आणि गेली. यापेक्षा थोबाडीत मारायची होतीस ग, सुपाती.

ऊन टिपेला पोचलं होतं. रिक्षा न करता ती चालत निघाली, भरभर, या वयाच्या बाईने चालू नये तशी, आणि चालता चालता बोलत होती — ओठ मिटलेले, पण आत... काय बरोबर आहे? काय बरोबर आहे त्यात? आपल्यात हजार दिवस झाल्याशिवाय दगड ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. तोवर माती बसत असते, जाणारा अजून जात असतो; त्याच्या अंगावर जड काही ठेवायचं नाही. डोक्याशी-पायाशी लाकडाच्या दोन खुणा, पावसात काळ्या पडणाऱ्या, वाळवी लागणाऱ्या. हजार दिवस झाले की गल्लीला जेवण, आणि मग दगड. मशिदीतले नवे तरुण गुरुजी म्हणतात, हे धर्मात कुठेच सांगितलेलं नाही. नसेल. धर्मात बॉम्बसुद्धा सांगितलेला नव्हता.

आणि कोणी म्हणेल, अहो बाई, ती टर्मिनलवरची शिळा, ती काय कबर आहे? कोणी म्हणेल कशाला, पाक दार्सोनो म्हणालेच असते, मऊ आवाजात, मी तोंड उघडलं असतं तर. पण तिच्या खाली काय आहे ते त्यांना माहीत आहे. पहिला स्फोट तिकीट-खिडक्यांपाशी झाला. सेनो तेव्हा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता, शिट्टी वाजवून बस मागे घेत होता, गळ्यात मदत-पथकाचा नारिंगी पट्टा — तो धावला. सगळे पळत होते त्याच्या उलट दिशेने तो धावला, आणि दुसरा बॉम्ब ठेवणाऱ्यांनी तो अशांसाठीच ठेवला होता. मदतीला येणाऱ्यांसाठी. हा विचार ज्याच्या डोक्यात आला तो माणूस त्या सकाळी घरून चहा पिऊन निघाला असेल, या विचारापाशी वुरयानी वर्षभर रोज येऊन थांबत असे. त्याच्या पुढे रस्ताच नव्हता. नंतर जे कोणाचं आहे ते ठरवता येईना — डॉक्टरांनी सांगितलं, ठरवता येणार नाही — ते सगळं एका पांढऱ्या कापडात बांधून कोपऱ्यातल्या चाफ्याखाली पुरलं. मशिदीच्या इमामांनी प्रार्थना म्हटली, पाद्रीबाबांनीही म्हटली. सेनोचा डावा पाय गुडघ्याखाली मिळाला नव्हता. म्हणजे माझ्या मुलाच्या दोन कबरी आहेत, पाक. एक नदीकाठच्या दफनभूमीत आणि एक तुमच्या चाफ्याखाली. आणि तुम्ही तिच्यावर क्रेनने...

रस्त्याच्या कडेला ती थांबली. धाप लागली होती. भज्यांच्या गाडीवरची मुलगी तिच्याकडे बघत होती.

पाक दार्सोनो हजार दिवसांचं विसरले नव्हते, हे तिला डाचत होतं. विसरणं वेगळं. पाक दार्सोनोंची आई वारली तेव्हा हजाराव्या दिवसाचा स्वयंपाक याच हातांनी केला होता — सगळ्या गल्लीतल्या बायका मागच्या अंगणात, आणि वुरयानी नारळ किसत बसलेली. संगमरवरी दगड त्यांनी आधीच घडवून आणलेला होता, पण ठेवला होता तिथेच, भिंतीशी टेकवून, पोत्याखाली झाकून. दोन वर्षांहून जास्त. त्यावर कोंबड्या बसायच्या. तिनेच त्यांना हुसकलं होतं, ओल्या हाताने. आईसाठी थांबलात ना. आईच्या छातीवर ठेवला नाहीत. मंत्री येणार असता तर ठेवला असतात?

आणि मी मान हलवली. मी. हो, पाक. परवानगी, पाक. मंत्र्यांचा पाय लागावा म्हणून माझ्या मुलाच्या पायावर दगड... तिला मोठ्याने हसू आलं, आणि भज्यांच्या मुलीने नजर वळवली.

घरी पोचली तर ओसरीवर पारजियो बसलेला. आज त्याची सुट्टी, म्हणजे तो येणारच. रुग्णवाहिकेवरचा माणूस, चाळिशीचा, धिप्पाड, स्ट्रेचरच्या दांड्या धरून धरून हाताला घट्टे पडलेला. राजधानीहून आलेल्या समुपदेशक बाईंनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं होतं की मदत करणाऱ्यांनाही मदत लागते. आणि त्या विमानाने परत गेल्यावर ती मदत कोणी करायची हे आपोआप ठरलं. जिचा मुलगा गेला तिने, ज्याने त्याला उचललं त्याला, दर आठवड्याला जेवू घालायचं. तो यायचा, बसायचा, वाटाण्यासारखे थेंब गाळत मुकाट रडायचा आणि दोनदा भात घ्यायचा. भूक चांगली होती. तिला कधी त्याची माया यायची, कधी वाटायचं, पुरे की रे, तुझं पोरगं घरी झोपलंय.

आज तिने त्याला पानही मांडलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

“मी हो म्हणून आले,” ती म्हणाली. “दगडाला.”

तो खालच्या आवाजात म्हणाला की कळलं, टर्मिनलवर क्रेन सांगून ठेवलीय, उद्या सकाळी शिळेच्या पायाचा खड्डा घेणार आहेत.

“खड्डा,” ती म्हणाली. “किती खोल?”

आणि मग तिने ते विचारलं, जे वर्षभर या ओसरीवर दोघांच्या मध्ये बसलेलं होतं आणि ज्याला वळसा घालून ती भाताची ताटं नेत-आणत होती.

“ते कापड तू नेलंस ना. खड्ड्यापर्यंत. किती जड होतं रे?”

“बू...”

“दर वेळी मला सांगतोस, त्याला काही कळलं नसेल, क्षणात गेला असेल. मी ऐकून घेते. आज खरं सांग.”

पारजियोने आपल्या दोन हातांकडे बघितलं, जणू उत्तर तिथे ठेवलेलं होतं. आज तो रडत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं.

“चौघांनी चार टोकं धरली होती,” तो म्हणाला. “इमामसाहेब म्हणाले, मानाने न्यायचं. पण वजन नव्हतं, बू. बाजाराच्या पिशवीएवढंसुद्धा नाही. आम्ही मुद्दाम जड असल्यासारखे चाललो. लोक बघत होते ना... हलकं दिसलं असतं तर बरं दिसलं नसतं. मला तेवढंच आठवतं रोज. बाकी काही नाही. की आम्ही नाटक केलं.”

ती भिंतीला टेकली. किती तरी गोष्टी आतून उसळून येतील असं वाटलं होतं — पण आलं ते एवढंच की हा येडा माणूस वर्षभर हे पोटात घेऊन माझ्या घरी भात खात होता, आणि मला वाटत होतं की त्याला फक्त भूक लागते. चार मोठाले बाप्ये, बाजाराच्या पिशवीएवढं काहीतरी, पाय जड टाकत. तिला ते लख्ख दिसलं. आणि त्यावर, माणसाहून उंच, काळं...

“फोन दे तुझा,” ती म्हणाली. “माझ्यातले पैसे संपलेत.”

पाक दार्सोनोंनी लगेच उचलला, त्याच मऊ आवाजात सकाळबद्दल आभार मानायला लागले, आपण किती मोठ्या मनाच्या, बू, आणि वुरयानी उभ्याउभ्या ऐकत राहिली. तिच्याजवळ ती आदराची भाषा होती. तिने ती तोंडात घोळवून बघितली. आईच्या दगडाचं जिभेवर आलं, कोंबड्यांचंसुद्धा आलं, आणि ती ते बोलली नाही. त्यांना माहीत होतं. माहीत असलेलं सांगायला गेलं की विनवणी होते.

“पाक,” ती त्यांच्या वाक्याच्या मध्येच म्हणाली — असं तिने जन्मात केलं नव्हतं — “दगड आत्ता नको.”

“पण बू, सकाळी आपण सर्वांसमोर...”

“सकाळी हो म्हटलं होतं. ते चुकलं. आता नको म्हणते. हजार दिवस होऊ द्यात. तोवर झाकून ठेवा कुठेतरी, पोतं माझ्याकडे आहे.”

ते काही बोलेनात. एरवी इथे तिने धाव घेतली असती — माफ करा, मी अडाणी बाई, तुम्हाला त्रास, तुम्हीच ठरवा ते बरोबर — कोणाही मोठ्या माणसापुढे पडलेलं गप्पपण उचलून, पुसून, परत त्याच्या हातात द्यायचं, ही शिकवण. ते गप्पपण पडलं होतं. तिने ते पडू दिलं. ओसरीवर पारजियो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“बघतो, बू,” पाक दार्सोनो शेवटी म्हणाले. “मंत्रालयाशी बोलून बघतो.”

बघतो. म्हणजे नाही, किंवा म्हणजे नाही नाही. इथे जन्मलेल्यालासुद्धा ते सांगता येत नाही. तिने फोन पारजियोला परत दिला आणि सांगितलं, ते बघणार आहेत, आणि उद्या सकाळी खड्डा घ्यायच्या आधी मी तिथे चाफ्याखाली जाऊन बसणार आहे, तुला यायचं तर ये, ड्यूटी असेल तर नको येऊस. तो म्हणाला, ड्यूटी आहे. मग म्हणाला, येतो.

ती आत गेली. भात गार झाला होता, चूल पेटवायला हवी. तांदूळ तिने दणकन पातेल्यात ओतले. समुपदेशक बाईंनी अशा वेळी चार आकडे मोजत श्वास सोडायला सांगितलं होतं, म्हणजे राग बाहेर जातो. तिने मोजले नाहीत. जाऊ कशाला द्यायचा? तो आत होता, तसाच होता, गरम, शाबूत. फक्त काहीतरी बदललं होतं आणि ते काय हे तिला तांदूळ धुताना, पाणी पांढरं होताना हळूहळू समजत गेलं — की वर्षभर हा राग तिने ज्याच्यावर काढला होता तो बॉम्बवाला नव्हता, मंत्री नव्हता, पाक दार्सोनोही नव्हते. रोज उजाडताच, डोळे उघडायच्या आधी, पहिला शब्द त्यालाच असायचा: का धावलास, गाढवा, सगळे पळत होते तसा का नाही पळालास, आईचा एकदा तरी विचार... आणि आज दुपार कलली तरी मी त्याला एक शब्द बोलले नव्हते. मी बोट पाण्यात घालून थांबले. बोलून बघितलं, मनातल्या मनात — सेनो — आणि पुढचं काही आलंच नाही. नुसतं नाव. इतकं रिकामं, इतकं हलकं नाव, की ते कुठे ठेवावं हे मला कळेना.