साठावा रोजा

बूशाइबने पुन्हा घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. मोरोक्कोत, त्याच्या गावी सेत्तातला एव्हाना बांग होऊन लोकांनी तोंडात खजूर टाकला असेल. इथे विमानाच्या खिडकीबाहेर मात्र ऊन लख्ख होतं. सूर्य जणू कुणी खिळा ठोकून टांगून ठेवला होता.

त्याने खिशातला खजूर चाचपला.

वसंतात त्याच्या टॅक्सीखाली सहा वर्षांचं पोर येऊन दगावलं होतं. ते सायकल घेऊन एकदम आडवं आलं, असं पोलिसही म्हणाले. पोराच्या बापाने माफ केलं. तरी प्रायश्चित्त उरलंच: सलग साठ रोजे. एक मोडला की पुन्हा पहिल्यापासून. आज साठावा होता, आणि मॉन्ट्रियलला लेक बाळंत झाली होती. हात स्वच्छ करूनच नातवाला उचलायचं, असा त्याने पण केला होता.

हिशेब त्याने घरीच मांडला होता. साडेपाच हजार किलोमीटर, सात तासांहून थोडं जास्त. साडेतीनला निघालं की पाच तासांनी सूर्य बुडेल आणि विमानातच रोजा सुटेल.

"काका, सूर्य आपल्याबरोबरच निघालाय," शेजारची रकिया म्हणाली. ती मॉन्ट्रियलच्या इस्पितळात नर्स होती. विमान उडायच्या आतच त्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं. "आपण पश्चिमेला चाललोय. उतरू तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा. मावळायला त्यापुढे तीन तास."

"म्हणजे अजून पाच तास?"

"चाळीस वर्षं टॅक्सी हाकलीत, आणि दिशाच बघितली नाहीत होय?"

तो हसायला गेला, पण ओठ थरथरले. पहाटे त्याने साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती. आता मानेवर गार घाम फुटला होता.

"घड्याळाप्रमाणे सोडा ना. गावात झाली बांग."

"घड्याळ माझं आहे, पोरी. सूर्य माझा नाही."

रकियाने त्याचं मनगट धरलं आणि तिचा आवाज बदलला. "काका, साखर उतरलीय. आत्ता खाल्लं नाहीत तर शुद्ध जाईल. खाली नुसता समुद्र आहे."

त्याने दात घट्ट आवळले. खजूर खाल्ला की ते पोर पुन्हा चाकाखाली येईल, असं त्याला वाटत होतं.

"एक जीव गेला म्हणून रोजे धरलेत. दुसरा घालवून तो परत येणार आहे का?"

डोळ्यांपुढे अंधारी आली. "बुडाला का गं?" त्याने आशेने विचारलं.

"नाही, काका."

बिस्मिल्ला म्हणून त्याने खजूर तोंडात घातला. चावताना तो लहान मुलासारखा रडत होता.

विमानतळाच्या काचेवर अजून ऊन होतं. लेकीने हसत बाळ पुढे केलं. बूशाइबने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"थांब, बेटी," तो म्हणाला. "उद्या पहिला आहे."